मामाही उशिराच बोलला होता

अडीच वर्षांचं मूल हाक मारली तर वळून बघत नाही, हवी ती वस्तू बोटानं दाखवण्याऐवजी मोठ्यांचा हात धरून तिथे नेतं. बोलणं तर नाहीच. मग घरात हमखास एक वाक्य ऐकू येतं, ‘याचा मामाही उशिराच बोलला होता.’ बोललाही असेल. पण मामा बोट करून चांदोबा दाखवत होता का, हे कुणाला आठवत नाही. आणि तपासणीत नेमकं तेच विचारतात.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता ना रक्ताच्या चाचणीत दिसते, ना एमआरआयमध्ये. निदान होतं ते मुलाच्या वागण्यावरून आणि घरच्यांच्या सांगण्यावरून. त्यामुळे पहिली भेट बहुतेक प्रश्नांतच जाते. मान कधी धरली, पहिला शब्द कोणता, आलेले शब्द पुन्हा गेले का, मिक्सरच्या आवाजानं कान झाकतो का, खेळण्यातली गाडी चालवतो की नुसती चाकंच फिरवत बसतो. बाळंतपणाचीही चौकशी होते आणि आईला वाटतं, आता आपलं चुकलेलं शोधताहेत. तसं नसतं. आईच्या कोरडेपणाला दोष देणारा सिद्धान्त एकेकाळी अमेरिकेत मिरवला गेला, पण तो केव्हाच मोडीत निघाला आहे.

जाताना मोबाइलवरचे जुने व्हिडिओ घेऊन जावेत. पहिल्या वाढदिवसाच्या चित्रीकरणात बरंच सापडतं. दिवसभर मुलाला सांभाळणारी आजी किंवा पाळणाघरातल्या मावशी सोबत आल्या तर आणखी उत्तम.

बोलणं मागे असेल तर श्रवणतपासणी आधी करून घेतात. ‘टाळी वाजवली की बघतो’ एवढ्यावर भागत नाही. बेरा या चाचणीत झोपलेल्या मुलाच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजतात. दुखत काही नाही. त्याला झोपवणं हीच खरी कसरत.

मग खेळ. अ‍ॅडॉससारख्या पद्धतीत तो साधारण 40 ते 60 मिनिटं चालतो. तज्ज्ञ साबणाचे फुगे उडवतात आणि मध्येच थांबतात. मूल डबीकडे बघतं, की डबीकडून तज्ज्ञांच्या चेहऱ्याकडे आणि पुन्हा डबीकडे? ही छोटीशी नजर बरंच काही सांगते. बाहुलीला खोटंखोटं भरवतं का, मजा वाटली की आईकडे वळून हसतं का, हेही टिपलं जातं. आपल्याला मात्र राहवत नाही. ‘पोएम म्हणून दाखव ना काकांना!’ कृपया गप्प बसावं. पाठ केलेली कविता तिथे फारशी उपयोगाची नसते. मूल त्या दिवशी आजारी किंवा चिडलेलं असेल तर तसं सांगावं आणि दुसरी तारीख मागावी.

आपल्याकडे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली ‘इसा’ ही मोजपट्टीही वापरतात. तिच्यात 40 बाबी, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. बेरीज 70च्या खाली असेल तर स्वमग्नता धरत नाहीत. एम-चॅटचे 20 प्रश्न मात्र 16 ते 30 महिन्यांच्या मुलांच्या प्राथमिक चाळणीपुरते. रात्री दोनला फोनवर ते सोडवून कुणी निदान करून घेऊ नये.

अहवालात सौम्य, मध्यम, तीव्र असे शब्द येतील. ते आज किती मदत लागते ते सांगतात. दहावीला काय होईल ते नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या बुद्ध्यंकावरही फार विसंबू नये. ‘घरात मराठी बंद करा, दोन भाषांचा गोंधळ होतो’ असा सल्ला अजूनही ऐकू येतो. संशोधनाचा त्याला आधार नाही. ज्या भाषेत आजी लाड करते ती का सोडायची?

निदान पक्कं होईपर्यंत वाचा-उपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपी थांबवून ठेवण्याचंही कारण नाही. खासगी तपासणीचा खर्च झेपत नसेल तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठावं. ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

दिव्यांग प्रमाणपत्र हा वेगळा टप्पा. 2016च्या कायद्यात स्वमग्नता आहे, पण खासगी अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ते सरकारी वैद्यकीय मंडळाकडूनच मिळतं. पुढे परीक्षेतल्या सवलतींना आणि ‘निरामय’ या एक लाखापर्यंतच्या आरोग्य विम्याला ते लागतं. ‘शिक्का बसेल’ म्हणून अनेक घरं ते काढायचं टाळतात आणि शाळेनं मागितल्यावर धावपळ करतात.