कॅलिफोर्नियास जावे काय?

देश सोडावा की न सोडावा, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाज पोर्ट लुई बंदरास लागले, आणि मॉरिशसमधील गिरमिटाचा इतिहास त्या दिवसापासून मोजला जातो. पुढे कोकणातून व देशावरूनही माणसे मुंबईच्या धक्क्यावर आली, तेथे कागदावर अंगठा उठवून जहाजात चढली आणि उसाच्या मळ्यांत पोहोचली. कागदात काय लिहिले आहे, हे त्यांतील बहुतेकांना वाचता येत नव्हते. मुकादमाने तोंडी सांगितले तेवढेच त्यांनी खरे मानले. आज त्यांचीच पणतवंडे पुन्हा समुद्र ओलांडण्याच्या विचारात आहेत. फरक एवढाच, की कागद आता आपल्याला वाचता येतो. आणि ज्याला वाचता येतो त्याने तो वाचलाच पाहिजे. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे शिक्षकाच्या नोकरीनिमित्त कतारमधील दोहा शहरी राहत आहे. शहराच्या वायव्येस मदिनत खलीफा नावाची जुनी वसाहत आहे. ‘खलीफाचे नगर’ असा त्या नावाचा अर्थ. भिंतींच्या आडची ठेंगणी घरे, कोपऱ्यावरची किराणा दुकाने, सायंकाळी उन्हे उतरल्यावर बाहेर पडणारी मुले, असे तिचे रूप आहे. या वसाहतीत आमच्या शेजारी एक तरुण मराठी कुटुंब राहते. यजमान देवगडकडचे, व्यवसायाने अभियंता. त्यांची पत्नी आपल्या मॉरिशसची, तेथेच शिकलेली, आणि आता दोह्यात शिक्षिका. मोठा मुलगा नऊ वर्षांचा, धाकटी मुलगी चार वर्षांची; दोघांचाही जन्म दोह्यातला. यजमानांच्या कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातील आपल्या कचेरीत येण्याविषयी विचारले. राहायला सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेचे फ्रीमाँट हे उपनगर सुचविले गेले. उत्तरासाठी दोन महिन्यांची मुदत होती. त्या दोन महिन्यांत या घरात जो विचार झाला, तो आपल्यापैकी अनेकांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून, त्यांच्या अनुमतीने येथे मांडीत आहे.

प्रथम पैशाचा हिशेब. दोह्यात यजमानांना महिना २८,००० रियाल मिळतात. एका डॉलरला ३.६४ रियाल हा दर ठरलेलाच असल्यामुळे ही रक्कम सुमारे ७,७०० डॉलर होते. कतारमध्ये वेतनावर प्राप्तिकर नाही. घरभाडे व मुलांच्या शाळेचे शुल्क कंपनीच भरते. कॅलिफोर्नियात वार्षिक १,६०,००० डॉलर देऊ केले होते. ऐकताना हा आकडा मोठा वाटतो. परंतु केंद्राचा कर, राज्याचा कर व सामाजिक सुरक्षेची वर्गणी मिळून त्याचा पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग वेतन हाती येण्यापूर्वीच वजा होतो. उरलेल्या महिना दहा हजार डॉलरांतून बेताच्या घराचे भाडे सुमारे चार हजार आणि आरोग्यविम्याचा आपला वाटा काढला, तर साडेपाच हजारांच्या आसपास शिल्लक राहते, आणि त्यातच मोटारी, विजेचे देयक व बाजार भागवायचा असतो. त्या भागात स्वतःचे घर घ्यावे म्हटले, तर दहा लाख डॉलरांच्या आत ते क्वचितच मिळते. अर्थात निव्वळ शिलकीच्या दृष्टीने पाहिले, तर निदान पहिली काही वर्षे हे कुटुंब पुढे न जाता मागेच येणार होते. केवळ पैशासाठी जायचे असेल, तर जाण्याचे कारण नव्हते.

मग विचार करण्याचे कारण काय? कारण असे, की आखाती देशातील बिऱ्हाड कितीही सुखाचे असले, तरी ते नोकरीच्या खुंटीला टांगलेले असते. कतारमध्ये जन्मल्याने मुलाला तेथील नागरिकत्व मिळत नाही. २०१८ च्या १० व्या क्रमांकाच्या कायद्याने कायम निवासाची सोय झाली खरी; पण बाहेर जन्मलेल्याला त्यासाठी वीस वर्षांचा वास, अरबी भाषेचे चांगले ज्ञान आणि पुरेसे उत्पन्न लागते, शिवाय असे परवाने वर्षाला शंभरांहून अधिक द्यावयाचे नाहीत अशी मर्यादा आहे. लाखो परदेशीयांच्या देशात शंभर म्हणजे किती, हे सांगावयास नको. मुलगा मोठा झाला की तो शिक्षणासाठी कोठेतरी जाणार, आणि आईबाप निवृत्त झाले की तेही कोठेतरी जाणार. ‘कोठेतरी’ या शब्दाचे उत्तर आज शोधावे की दहा वर्षांनी, एवढाच प्रश्न होता. त्यातच २३ जून २०२५ च्या रात्री अल-उदेद तळावर क्षेपणास्त्रे सोडली गेली, तेव्हा मदिनत खलीफातील घरांच्या खिडक्याही हादरल्या. धाकटीने विचारले, “हे फटाके कुणाचे?” आईला उत्तर सुचले नाही.

आता कागदाकडे वळू. कंपनी आपल्याच माणसाला परदेशातून अमेरिकेतील शाखेत नेते, तेव्हा त्याला बहुधा एल-१ वर्गाचा परवाना मिळतो. त्यासाठी मागील तीन वर्षांत निदान एक वर्ष त्या कंपनीत सलग नोकरी झालेली असावी लागते. विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्याला हा परवाना जास्तीत जास्त पाच वर्षे चालतो, व्यवस्थापकाला सात वर्षे. पाच वर्षे हा आकडा आपल्या कानाला ओळखीचा आहे. आपल्या पूर्वजांचे गिरमिटही बहुधा पाच वर्षांचेच असे. दुसरे साम्य अधिक विचार करण्याजोगे आहे. या परवान्यावर आलेल्या मनुष्याला ज्या मालकाने आणले त्याच्याकडेच काम करता येते. दुसरीकडे जायचे तर वेगळा परवाना लागतो. नोकरी गेली, तर नवी वाट शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. या उलट कतारमध्ये, जेथे मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलता येत नसे, तेथे २०२० च्या सुधारणांनी ती अट काढून टाकली; देशाबाहेर जाण्यासाठी मालकाचा परवाना लागे, तोही बहुतेक कामगारांच्या बाबतीत २०१८ पासून रद्द झाला. कायदा आणि व्यवहार यांत अंतर असते हे खरे. परंतु स्वातंत्र्याच्या देशात जाऊन मालकाशी अधिक घट्ट बांधले जाणे, ही गोष्ट निघण्यापूर्वी ठाऊक असावी.

तुलना येथेच थांबविली पाहिजे. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई, आणि पासाशिवाय रस्त्यावर सापडलेल्या वृद्ध मजुरालाही कोठडी मिळे. वातानुकूलित कचेरीतल्या अभियंत्याने आपल्याला गिरमिटिया म्हणवून घेणे हे त्या पूर्वजांच्या हालांशी बरे दिसणार नाही. घ्यायचा तो धडा इतकाच, की मुदतीचा करार आणि कायमचा वास या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीतून दुसरी आपोआप उत्पन्न होत नाही.

कायमच्या वासाचे साधन म्हणजे ज्याला सर्वजण ग्रीन कार्ड म्हणतात ते पत्र. नोकरीच्या आधारावर अशी सुमारे १,४०,००० पत्रे दरवर्षी दिली जातात, आणि त्यांत पत्नी व मुलेही मोजली जातात. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सामान्यतः सात टक्क्यांहून अधिक येऊ नयेत असा नियम आहे. भारतातून अर्ज करणारे पुष्कळ, म्हणून त्यांची रांग फार लांब. २०२५ च्या अखेरीस भारतीयांच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्गात २०१३ साली दाखल झालेल्या अर्जांचा विचार चालू होता. म्हणजे बारा वर्षे! आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा नऊ वर्षांचा. बारा वर्षांनी तो एकवीसचा होईल, आणि एकविसाव्या वर्षी मूल आईबापांच्या अर्जातून बाहेर पडते. त्या वयाच्या हिशेबात कायद्याने थोडी सवलत दिली आहे, पण ती अशा लांब रांगेला पुरी पडत नाही. ज्याच्यासाठी जायचे, तोच दाराबाहेर राहायचा. हे वाचल्यावर यजमानांनी नकाराचे पत्र लिहायला घेतले होते.

परंतु नियम पुढे वाचावा लागतो. ही रांग पारपत्रावरून ठरत नाही, ती जन्मस्थानावरून ठरते. आणि नवरा-बायको एकत्र अर्ज करीत असतील, तर दोघांपैकी ज्याचे जन्मस्थान सोयीचे, त्याच्या नावावर दोघांचीही गणना करता येते. आईबापांना मुलांच्या जन्मस्थानाचा लाभ मात्र मिळत नाही. म्हणजे मुले दोह्यात जन्मली याचा येथे उपयोग नव्हता. उपयोग होता तो पत्नीच्या जन्माचा. ती मॉरिशसमध्ये जन्मली असल्यामुळे हे सारे कुटुंब मॉरिशसच्या खात्यात धरले जाऊ शकत होते, आणि त्या रांगेत २०२५ च्या अखेरीस बारा वर्षांऐवजी सुमारे दोन-अडीच वर्षांचीच खोळंबाखोळंबी होती. पणजोबांनी अंगठा उठविला तेव्हा त्या कागदाने त्यांचे परतीचे दार जवळजवळ लावून घेतले. त्याच कागदाच्या बळावर चौथ्या पिढीच्या मुलांसाठी दुसरे दार किलकिले व्हावे, ही गोष्ट त्या माउलीला कळली तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “काका, आजवर जन्मदाखला मी नुसता पेटीत ठेवला होता.”

आपल्या वाचकांत ज्यांचा विवाह भारतात जन्मलेल्या व्यक्तीशी झाला आहे, त्यांनी हा नियम नीट ध्यानात ठेवावा. मात्र अमेरिकेचे नियम अलीकडे झपाट्याने बदलत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क एका घोषणापत्राने अकस्मात बसविले गेले. एल-१ ला ते लागू नव्हते. तरी निघण्याच्या दिवशीचा नियम त्याच दिवशी पाहावा, आणि परवानाधारक वकिलाकडून खात्री करून घ्यावी.

आता मुलांविषयी, शिक्षकाच्या नात्याने. कॅलिफोर्नियात सार्वजनिक शाळा निःशुल्क आहेत. २०२५-२६ च्या शालेय वर्षापासून चार वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक बालकाला त्यांत पूर्वबालवर्ग खुला झाला, त्यामुळे धाकटीचीही सोय होती. शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, म्हणून चांगल्या शाळेचे शुल्क घरभाड्यातच भरावे लागते असे म्हटले तरी चालेल. भाषेची काळजी आईला अधिक होती. तिच्या माहेरी आजी मराठी आणि क्रिओल या दोन्ही भाषा एकाच श्वासात बोले. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून कार्य करीत आहे आणि त्याच्या प्रेरणेने मराठी शाळा चालतात. उपसागराच्या परिसरात महाराष्ट्र मंडळही आहे, आणि २०२४ चे बृहन्महाराष्ट्र अधिवेशन सॅन होजे येथेच भरले होते. तरीही आठवड्यातील एका शाळेने भाषा टिकत नाही. मॉरिशसमध्ये मराठी टिकली ती बैठकांत, गणपतीच्या आरतीत आणि मग सरकारी शाळांत. आणि हे सर्व घरातल्या बोलण्याच्या पायावर उभे राहिले. घरात बोलणे थांबले, तर फ्रीमाँट काय आणि दोहा काय, दोन्ही सारखेच.

पत्नीच्या नोकरीचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला गेला. वास्तविक तो प्रथम विचारावयास हवा. एल-१ धारकाच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परवान्यावाचून काम करता येते. परंतु सार्वजनिक शाळेत शिकवायचे, तर राज्याचे अध्यापन-प्रमाणपत्र लागते आणि परदेशी पदवीचे मूल्यमापन करवून घ्यावे लागते. म्हणजे एक-दोन वर्षे तिने घरी बसणे किंवा मिळेल ते काम करणे आले. दोह्यात तिच्या वर्गात अठ्ठावीस मुले आहेत. त्या वर्गाची किंमत कोणत्याही हिशेबाच्या वहीत धरली गेली नव्हती.

देवगडच्या आईवडिलांचाही विचार झाला. दोह्याहून मुंबई साडेतीन-चार तासांवर आहे. सॅन फ्रान्सिस्को सोळा तासांच्या आसपास. कॅलिफोर्निया भारताच्या ऋतूप्रमाणे साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे. अर्थात तिकडे सांजवात लागते तेव्हा इकडे पहाट. आईवडिलांना कायमचे बोलावून घेण्याचा हक्क अमेरिकेचे नागरिक झाल्यावरच मिळतो, आणि नागरिकत्वासाठी ग्रीन कार्डानंतर बहुधा पाच वर्षे थांबावे लागते. सत्तरीच्या माणसाला हा हिशेब सांगताना जीभ जड होते. वडिलांनी मात्र दूरध्वनीवर एवढेच विचारले, “परत येता येईल ना रे?” साऱ्या चर्चेतला सर्वांत नेमका प्रश्न हाच होता.

शेवटी त्या दोघांनी कंपनीला तीन अटी लेखी कळविल्या. ग्रीन कार्डाच्या अर्जाची कारवाई पहिल्या सहा महिन्यांत सुरू करावी. पत्नीच्या जन्मस्थानाचा आधार घेतला जाईल हे कंपनीच्या वकिलाने आधीच तपासून सांगावे. आणि तीन वर्षांत परतावे लागल्यास चौघांच्या प्रवासाचा खर्च कंपनीने द्यावा. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर उत्तर आले, की एका वर्षापुरतेच तसे करता येईल. यजमान म्हणाले, “परतीच्या भाड्याचे पैसे आपण बाजूला ठेवू आणि त्यांना हात लावणार नाही.” मुलांचे शालेय वर्ष संपले की ते निघणार आहेत.

मॉरिशसमधील मजुरांचा फुकट परतीचा हक्क एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काढून घेण्यात आला, आणि बहुतेकांचे जाणे कायमचे झाले. म्हणून आपल्यापैकी जे कोणी आज कॅलिफोर्नियास, कॅनडास वा अन्यत्र जाण्याचा विचार करीत असतील, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते : वेतनाचा आकडा पाहण्यापूर्वी मुदत पाहावी, परवाना कोणाच्या हाती आहे ते पाहावे, मुलांचे वय आणि रांगेची लांबी शेजारी शेजारी लिहून पाहावी, पत्नीच्या कामाचा विचार आपल्या कामाबरोबर करावा, आणि परतीचे भाडे वेगळे ठेवावे. हे पाचही प्रश्न कागदावर मांडून जो जाईल, त्याला आपल्या शुभेच्छा. आणि ते मांडून जो राहील, त्यालाही.