शिकाऱ्याला वास लपवायचा, जागल्याला दाखवायचा

तूर फुलोऱ्यावर आली आणि हरभरा वीतभर झाला, की आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याची झोप घरातून उठून वावरात जाते. सेलू तालुक्यातले हिंगणी-बोरधरण, आर्वी-आष्टी-कारंज्याचा डोंगराळ पट्टा, तिकडे समुद्रपूरकडचे गिरड. जंगलाला लागून ज्याचे वावर, त्याला जागल सुटत नाही. रानडुकरांचा एक कळप शिरला तर खाल्ले कमी आणि उकरले जास्त, अशी गत होते. रोही आले तर शेंडे खुडून नेतात. मग मचाणावर घोंगडी घेऊन बसायचे, डबा वाजवायचा, टॉर्च फिरवायचा आणि मधल्या वेळात मोबाईल पाहायचा.

या मोबाईलवरच कधीतरी एक यंत्र दिसते. परदेशातला एक शिकारी कपडे, बूट, टोपी, पाठीवरची पिशवी असे सगळे सामान एका बंद थैलीत घालतो, खटका दाबतो आणि अर्ध्या तासाने सांगतो, की आता या कपड्यांना माणसाचा वास नाही, जनावराला मी कळणार नाही. हे ओझोन तयार करणारे यंत्र. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी त्याचा चांगलाच बाजार आहे. पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो, ‘हे आपल्याले कामाचं हाय का?’ प्रश्न बरोबर आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट पाहिले पाहिजे.

यंत्र करते काय?

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनमध्ये दोन अणू असतात. ओझोनमध्ये तीन असतात. हा तिसरा अणू फार काळ जागेवर राहत नाही, समोर जे सापडेल त्याला जाऊन चिकटतो. घामाचा, धुराचा, कुबटपणाचा वास ज्या कणांमुळे येतो ते कण त्याच्या माऱ्याने मोडतात आणि वास कमी होतो. यंत्रात विजेचा मोठा दाब देऊन हवेतल्या ऑक्सिजनचाच ओझोन केला जातो. वीज कडाडल्यावर हवेत एक उग्र वास येतो, तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जुन्या यंत्राजवळ येतो, तो वास ओझोनचा. १८४० साली शॉनबाइन नावाच्या शास्त्रज्ञाने त्याला नाव दिले तेही ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. म्हणजे वास घालवणाऱ्या वायूचे नावच वासावरून पडले आहे.

पाणी शुद्ध करण्यासाठी ओझोन वापरतात, बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यांत तो असतो. तेव्हा हे थोतांड नव्हे. बंद थैलीत ठेवलेल्या कपड्यांचा वास त्याने कमी होतो, हे खरे आहे. खोट आहे ती पुढच्या दाव्यात.

कपडे धुतले, माणूस तोच

कपड्यांचा वास गेला, पण ते घालणारा माणूस घाम गाळतो, श्वास सोडतो, तंबाखू मळतो. अंगावर चढवल्यापासून कपडे पुन्हा वासाचे होऊ लागतात. रानडुकराचे नाक तर असे, की जमिनीखालचा भुईमूग आणि नुकतेच पेरलेले बी ते वासावर हुडकून काढते. २००२ साली अमेरिकेत जॉन शिविक या संशोधकाने वास शोषून घेणारे कपडे घातलेली माणसे शोधी कुत्र्यांकडून शोधवून पाहिली. ते कपडे ओझोनचे नव्हते, कोळशाच्या थराचे होते. पण दावा तोच होता. कुत्र्यांनी बहुतेक सगळी माणसे शोधून काढली.

म्हणून तिकडे काही जण हे यंत्र थेट झाडावर, शिकाऱ्याच्या डोक्याशी टांगतात आणि वाऱ्याच्या दिशेने ओझोन सोडत राहतात. येथून मामला आरोग्याचा होतो.

छातीला बाधक

आकाशात फार उंचावर ओझोनचा थर आहे, तो उन्हातल्या घातक किरणांपासून आपले रक्षण करतो. तोच ओझोन जमिनीजवळ नाकातोंडात गेला तर घसा खवखवतो, खोकला येतो, छाती भरून येते, दमेकऱ्याला झटका येऊ शकतो. आपल्या देशाच्या हवेच्या मानकांत ओझोनची मर्यादा एका तासासाठी घनमीटरला १८० मायक्रोग्रॅम आणि आठ तासांसाठी १०० मायक्रोग्रॅम इतकी कमी ठेवली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे म्हणणेही असे, की माणसाला बाधणार नाही इतक्या ओझोनने खोलीतला वास फारसा जात नाही, आणि वास जाईल इतका सोडला तर तो माणसाला बाधतो.

सामानाचेही तेच. ओझोन रबराला तडे पाडतो. गमबूट, इलॅस्टिक, फवारणी पंपाचे वायसर त्यात वरचेवर ठेवले तर ते लवकर कामातून जातील. पिकालाही जमिनीलगतचा ओझोन मानवत नाही. सोयाबीन आणि गहू त्याला विशेष नाजूक आहेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे जरूर आहे. फवारणीच्या कपड्यांचा वास घालवायला कोणी असे यंत्र सुचवले तर ऐकू नका. वास गेला म्हणजे विष गेले असे नव्हे. क्लोरपायरीफॉससारख्या काही औषधांचे ओझोनमुळे आणखी विषारी द्रव्य बनते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे, साबणाने, हातमोजे घालून धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. यापेक्षा सोपी युक्ती नाही.

इथे शिकार नाही, राखण आहे

आता मुख्य मुद्दा. ज्या कामासाठी हे यंत्र निघाले, ते कामच आपल्याकडे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याने शिकार बंद झाली. बोरचे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. वाघ-बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या जनावराच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुक्कर आणि रोह्यांबाबत राज्य शासनाने २०१५ साली परवान्याची वाट ठेवली; पण ती वनखात्याच्या लेखी परवानगीची वाट आहे. मारलेले जनावर शासनाचे असते, ते वाटून खायचे नसते. ‘माझ्या वावरात आलं, मी मारलं’ हे कायद्यात बसत नाही.

तेव्हा शिकाऱ्याची आणि आपली गरज उलटी आहे. जनावर जवळ यावे, ही त्याची इच्छा. जनावराने लांबूनच परतावे, ही आपली. त्याला अंगाचा वास लपवायचा असतो, जागल्याला तो दाखवायचा असतो. जंगलात मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. माणूस येत आहे हे अस्वलाला, डुकराला आधी कळले तर ते बहुधा बाजूला होते. अचानक समोरासमोर गाठ पडली की घात होतो. वाघ तर सावज हेरतो ते मुख्यतः डोळ्यांनी आणि कानांनी. त्याच्यापुढे वास घालवून काही साधत नाही. चारचौघांनी बोलत जावे, ओणवे बसून काम करताना एकाने उभे राहून लक्ष ठेवावे, हे उत्तम.

वाऱ्याला पाठ द्या

यंत्र नव्हते तेव्हा शिकारी काय करत? वारा पाहत. चिमूटभर राख किंवा धूळ सोडली की वारा कुठे वाहतो ते कळते. शिकारी नेहमी वारा तोंडावर घेऊन बसे, म्हणजे त्याचा वास मागे जाई आणि पुढचे जनावर बेसावध राही. आजही अनुभवी शिकारी यंत्रापेक्षा वाऱ्यावर जास्त भरवसा ठेवतात.

हीच विद्या जागल्याने उलटी वापरावी. मचाण असे बांधा, की वारा पाठीवर येईल आणि तुमचा वास पिकावरून जंगलाच्या बाजूला जाईल. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बरेचदा उत्तर-ईशान्येकडून येतो, पावसाळ्यात पश्चिम-नैर्ऋत्येकडून. रात्री गारठा पडला की थंड हवा उतारावरून नाल्याकडे सरकते, म्हणून नाल्याकाठच्या वावरात संध्याकाळचा आणि मध्यरात्रीचा अंदाज वेगळा येऊ शकतो. एकाच मचाणावर वर्षभर विसंबू नका. जमल्यास धुऱ्याच्या दोन टोकांना दोन हलकी मचाणे ठेवा. जिकडे वास पोचत नाही तिकडून कळप शिरतो, तेव्हा ती बाजू आवाजाने आणि उजेडाने राखावी. शेजारच्या वावरवाल्याशी पाळी ठरवली तर दोघांचीही अर्धी झोप वाचते.

वासाचे उपाय: चालणारे आणि टाळायचे

वासावर चालणारे इतर उपाय आपल्या लोकांना ठाऊकच आहेत. न्हाव्याच्या दुकानातले केस धुऱ्यावर पसरतात. हुंगताना ते डुकराच्या नाकात जातात आणि ते बिचकते. कुजलेल्या अंड्याचे पाणी कडेने शिंपडतात. जुनी रंगीत लुगडी कुंपणासारखी बांधतात, त्यात माणसाचा वासही असतो. हे उपाय स्वस्त आहेत आणि हैदराबादच्या कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांनीही केस आणि लुगड्यांसारखे उपाय सुचवले आहेत. पण एक पथ्य आहे. पाऊस आला, दव पडले की वास उतरतो. आणि रोज तोच वास आला, त्यामागे धोका नाही हे एकदा कळले, की कळप निर्ढावतो. म्हणून आठ-दहा दिवसांनी उपाय बदला, जागा बदला.

थिमेटच्या पुड्या कुंपणाला टांगण्याची रीत मात्र सोडून द्या. थिमेट म्हणजे फोरेट, आणि फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. त्या उग्र वासाने डुक्कर हटत असेल, पण ते विष पावसाने खाली उतरते, बैल चाटतो, लेकरू हाताळते. जुना साठा घरात असेल तर कृषी सहायकाला विचारून त्याची विल्हेवाट लावा; नाल्यात टाकू नका.

तारेत करंट सोडू नका

आणि एक गोष्ट, जी वासाची नाही, जिवाची आहे. कंटाळून काही जण रात्री मोटारीच्या लाइनवरून कुंपणाच्या तारेत करंट सोडतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरी शिवारात अशाच तारेला लागून एक वाघीण मेली. तिने माणसे मारली होती, तिला ठार करण्याचा आदेशही निघाला होता. तरी तार लावणे हा गुन्हाच होता. त्या तारेला वाघीण लागली. उद्या बैल लागेल, पहाटे परसाकडे गेलेला शेजारी लागेल, नाहीतर घरचेच माणूस. तार जनावर आणि माणूस असा भेद करत नाही.

सौर ऊर्जेवरची झटका मशीन वेगळी. ती क्षणभराचा झटका देते, जनावर बिचकून मागे सरते, मरत नाही. ती घरच्या लाइनला जोडायची नसते. जंगलालगतच्या ठरावीक गावांना सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. आपले गाव यादीत आहे का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे. सरपंच आणि ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेत घेतला तर एकेकट्याने कुंपण करण्यापेक्षा सलग पट्ट्याचे कुंपण होईल. एकाचेच कुंपण झाले तर कळप शेजाऱ्याच्या वावरात उतरतो आणि भांडण मात्र गावात उतरते.

एवढे करूनही नुकसान झालेच, तर तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पंचनामा होईपर्यंत उकरलेला भाग साफ करू नये. खुरांचे ठसे, मोडलेली झाडे यांचे फोटो मोबाईलवर काढून ठेवावेत. मोबाईलचा हा उपयोग परदेशी यंत्राचा व्हिडिओ पाहण्यापेक्षा निश्चितच जास्त आहे.

शेतकरी बंधूंनो, यंत्र वाईट नाही, पण ते दुसऱ्याच्या कामाचे आहे. त्याच्यावर पैसे घालण्याआधी आज रात्री मचाणावर चढताना चिमूटभर राख सोडून पाहा. ती जंगलाकडे गेली तर बसा. आपल्याच तोंडावर आली, तर मचाणाची जागा चुकली आहे.