घर घेण्यापूर्वी काँक्रीटला काय विचारावे?

शाळेच्या प्रयोगशाळेतील फिनॉल्फ्थॅलिनची बाटली तुमच्या परिचयाची आहे. आम्लात हा दर्शक रंगहीन राहतो. चुन्याच्या निवळीत दोन थेंब टाकताच निवळी गुलाबी होते. हीच बाटली घेऊन एखादा अभियंता जुन्या इमारतीत शिरताना दिसला, तर नवल वाटून घेऊ नका. तो त्या इमारतीची प्रकृती तपासायला आलेला असतो.

समजा, तुमच्या घरी एखादा जुना फ्लॅट विकत घ्यायचे घाटत आहे. मुंबई-ठाण्याकडे १९८० च्या सुमारास बांधलेले असे सिमेंट-काँक्रीटचे फ्लॅट पुष्कळ आहेत. घरची मंडळी स्वयंपाकाचा ओटा पाहतील, वारा कोठून येतो ते पाहतील, स्टेशन किती दूर ते विचारतील. तुम्ही मात्र मान वर करून छताकडे पाहा.

काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताणले की तडकते. स्लॅब खाली वाकू लागला की मधल्या भागात त्याच्या खालच्या अंगाला ताण पडतो. म्हणून तेथे पोलादी सळ्या घालतात आणि त्या झाकण्यासाठी खाली सुमारे १५ ते २० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण ठेवतात. पोलाद तर पावसात चार दिवस ठेवले तरी गंजते. मग काँक्रीटमध्ये ते वर्षानुवर्षे कसे टिकते?

याचे उत्तर चुन्यात आहे. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, तयार होतो. त्यामुळे काँक्रीटचा सामू, म्हणजे पीएच, १२ ते १३ इतका वर असतो. अशा तीव्र अल्कधर्मी परिसरात पोलादावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ आणि घट्ट पापुद्रा धरतो व तोच सळईचे रक्षण करतो.

पण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकल्यावर काय होते, ते आठवा. निवळी दुधाळ होते, कारण श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते. तोच वायू हवेतूनही काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरत असतो आणि तीच क्रिया तेथे अगदी संथपणे चालू असते. चुना संपत जातो, सामू ९ च्याही खाली उतरतो आणि सळईचा पापुद्रा नाहीसा होतो. अभियंता काँक्रीटचा लहानसा टवका काढून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारतो. आतला भाग गुलाबी होतो. बाहेरचा, चुना संपलेला थर रंगहीनच राहतो. त्या थराची जाडी पट्टीने मोजायची, इतकी ही साधी परीक्षा आहे. (टवका काढणे हे मात्र अभियंत्याचे काम, तुम्ही हातोडी घेऊन जाऊ नका!)

हा थर किती वेगाने वाढतो? ढोबळपणे वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १० वर्षांत तो ८ मिलिमीटर झाला असेल, तर ४० वर्षांत ३२ नव्हे, १६ मिलिमीटर होईल. म्हणजे १५ मिलिमीटरचे आवरण असलेली सळई सुमारे पस्तीस वर्षे सुरक्षित राहिली. आता याच इमारतीत गवंड्याच्या हयगयीमुळे एखाद्या जागी आवरण ५ मिलिमीटरच राहिले असे धरा आणि गणित पुन्हा करून पाहा. उत्तर चार वर्षांहूनही थोडे कमी येते! इमारतीचे वय विचारून भागत नाही ते यामुळेच.

पापुद्रा गेला तरी गंजायला ओल लागते. म्हणून न्हाणीघराखालचे छत, गच्चीखालचे छत, सज्जे आणि गॅलऱ्या आधी पाहाव्यात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो आणि आवरण आतून फोडतो. सळईच्या रेषेत जाणारी सरळ भेग, तिच्याकडेचे तांबूस डाग आणि फुगवटा ही त्याची खूण. संशयाच्या जागी काठीने हलकेच ठोकून पाहा: घट्ट भाग खणखणीत वाजतो, सुटलेला भाग बद्द वाजतो.

प्रत्येक भेग मात्र वाईट नसते. गिलाव्यावरची कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक भेग बहुधा गिलावा सुकताना पडते. वीटकाम आणि तुळई यांच्या सांध्यावरची भेगही नेहमीचीच, कारण उन्हाने दोन्ही सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरपी चढणारी भेग दिसली तर मात्र पाया खचत असण्याची शंका घ्यावी. अशा भेगेवर अभियंते काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून ठेवतात. काही महिन्यांनी ती तडकली, तर भेग अजून वाढते आहे.

विकणारा नवा रंग लावून आणि खोटे छत ठोकून यातले पुष्कळ झाकू शकतो. पण जिना, वाहने ठेवण्याच्या जागेतले खांब आणि गच्ची यांना सहसा कोणी नटवत नाही. शिवाय खालच्या बिऱ्हाडाचे छत म्हणजेच तुमची जमीन. त्यांची परवानगी घेऊन ते अवश्य पाहून यावे. माझ्या मते फ्लॅटमध्ये घालवलेल्या तासापेक्षा तेथली पाच मिनिटे अधिक शिकवतात.

घर घेतल्यावर नूतनीकरणाची हौस येते. राहत्या घराच्या जमिनीवर माणसे आणि सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम भार येईल, असे आपल्याकडे धरतात. जुन्या फरशीवरच ५ सेंटिमीटर मसाला व नवी फरशी घातली, तर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलोग्रॅमची कायमची भर पडते. १२ चौरस मीटरच्या खोलीत ती १,२०० किलोग्रॅम होते. म्हणजे एक मोटारगाडीच खोलीत आणून ठेवल्यासारखे! म्हणून आधी जुनी फरशी काढावी.

याहून धोक्याचे म्हणजे खांब, तुळई किंवा भार पेलणारी भिंत तोडणे. घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसे दगावली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला. तळमजल्याचा खांब वरच्या सर्व मजल्यांचा भार पेलत असतो; त्याच्या चारी बाजूंची जागा विकत घेतली, तरी तो एकट्या मालकाचा होत नाही.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तिला लोक स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात. सोसायटीकडे तिचा अहवाल मागा. त्यात श्रवणातीत ध्वनीचा काँक्रीटमधला वेग दिलेला असतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, चांगल्या काँक्रीटमध्ये ४ किलोमीटरच्या आसपास; हा वेग ३ किलोमीटरच्या खाली असेल, तर आत पोकळ्या किंवा भेगा असण्याचा संभव असतो. फिनॉल्फ्थॅलिनच्या परीक्षेचे आकडे असतील, तर रंगहीन थराची जाडी आणि सळईवरचे आवरण शेजारी शेजारी मांडून पाहा. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा असेल, तर किमतीची बोलणी लावण्याआधी दुरुस्तीचा अंदाज मागवा. तो लहान असला आणि इमारत समुद्राकाठी असली, तर आणखी एक चौकशी करावी लागते: खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड काँक्रीट गुलाबी असतानाही सळईचा पापुद्रा फोडू शकते, म्हणून त्याची रासायनिक तपासणी वेगळी करून घेतात.