हातखंब्याचा वायरमन आणि आमच्या जीपचे जादा दिवे



ऊस विकास विभागाच्या पानावर नेहमी बेणे, खत, पाणी यांच्याच गोष्टी असतात. यावेळी थोडे दिव्यांविषयी लिहितो. हंगाम तोंडावर आला आहे आणि रात्रीच्या वाहतुकीचा विषय पुन्हा निघणारच आहे, म्हणून हीच वेळ बरी.

२०२३ सालच्या जूनअखेरची गोष्ट. बांधावर लावण्यासाठी सभासदांनी नारळाची रोपे मागितली होती. ती आणायला आम्ही शेतकी खात्याची जुनी जीप घेऊन रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रावर गेलो. बाणवलीची रोपे मागे रचली, वर ताडपत्री बांधली आणि दुपार कलल्यावर परत निघालो. पाऊस असा की पुढचा एसटीचा पाठीमागचा भाग दिसेना. ड्रायव्हरमामांनी जादा दिवे लावले. हातखंब्याच्या तिठ्याच्या अलीकडे रबर जळल्याचा वास आला, आणि डॅशबोर्डाखालून भसकन धूर निघाला. मामांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि हाताला चटका बसत असतानाही बॅटरीचे टर्मिनल ओढून काढले. म्हणून जीप वाचली. डिझेलची नळी त्या वायरपासून वीतभरच लांब होती.

आता कबुली देतो. हे दिवे आम्हीच बसवून घेतले होते. टपावरच्या कॅरिअरला दोन मोठे फोकस, ५५ वॅटचा एकेक बल्ब. बसवणाऱ्याने रिलेचे वेगळे पैसे सांगितले तेव्हा ‘कशाला हवे ते?’ असे म्हणणारेही आम्हीच.

हातखंबा म्हणजे मुंबई-गोवा हमरस्ता आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता जिथे एकत्र येतात ते ठिकाण. पालीपर्यंत दोन्ही रस्ते एकच, मग आपला रस्ता नाणीज, साखरप्यावरून आंबा घाटाकडे वळतो. रहदारीचे गाव, त्यामुळे वायरमन मिळाला. साठीचे गृहस्थ, लुंगी गुडघ्यावर खोचलेली. त्यांनी जळकी वायर दोन बोटांत धरली आणि म्हणाले, “साहेब, ही वायर हाय की सुतळी? आणि फ्यूज कुठाय?”

फ्यूज नव्हताच. वायर बॅटरीपासून थेट डॅशबोर्डावरच्या बटणाला आणि तिथून टपावर गेलेली. पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी कडेसुद्धा बसवलेले नव्हते. पत्र्याच्या धारेवर घासून वायरचे वेष्टण फाटले, तांबे बॉडीला टेकले, आणि मध्ये फ्यूज नसल्याने सगळी बॅटरी त्या वायरमधून धावली. शेजारची हेडलाईटची वायरही वितळली. म्हणजे जादा दिव्यांच्या नादात मूळ दिवेही गेले.

त्यांनी हिशेब तोंडीच सांगितला. दोन दिवे मिळून ११० वॅट, गाडीचा दाब १२ व्होल्ट, म्हणजे ९ अँपिअरच्या वर करंट. एवढा करंट बारक्या वायरीतून नेणे म्हणजे दोन इंची पंपाचे पाणी अर्ध्या इंची पाइपातून नेणे. पाऊण चौरस मिलीमीटरची वायर पाच मीटर नेली तर वाटेतच एक व्होल्ट खपतो. एका व्होल्टाने काय बिघडते असे वाटेल, पण साध्या हॅलोजन बल्बचा उजेड तेवढ्याने जवळजवळ चौथाई कमी होतो. लोक मग आणखी मोठा बल्ब लावतात, आणि वायर आणखी तापते! त्यांनी अडीच चौरस मिलीमीटरची वायर घेतली.

रिले म्हणजे काय हे विहिरीवर मोटार असणाऱ्या सभासदाला सांगावे लागू नये. स्टार्टरचे हिरवे बटण आपण बोटाने दाबतो, पण मोटारीचा करंट बटणातून जात नाही, आतल्या कॉन्टॅक्टमधून जातो. रिले हा गाडीतला छोटा स्टार्टरच. त्यावर आकडे छापलेले असतात : ३० ला बॅटरीची वायर, ८७ ला दिव्यांची, ८६ ला बटणाची आणि ८५ ला अर्थिंग. बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज. तो दिव्याजवळ लावला तर मधल्या वायरीला राखण कोणाची? बटणाला करंट त्यांनी पार्किंग लाईटवरून दिला, म्हणजे गाडी बंद करून उतरताना जादा दिवे विसरून राहायला नकोत. अर्थिंगसाठी बॉडीचा रंग खरवडून पांढरा पत्रा काढला, थिंबल बोल्टाने आवळले आणि वर ग्रीस लावले.

फोकस मात्र त्यांनी टपावर ठेवू दिले नाहीत. “धुक्यात वरून उजेड मारलात तर धुकंच दिसंल, रस्ता न्हाय.” दोन्ही बंपरवर, हेडलाईटच्या खाली आणले आणि तोंडे थोडी जमिनीकडे केली. पिवळी काच बरी की पांढरी, यावर चहाच्या टपरीवर बराच वाद झाला. आमचे मत, काचेपेक्षा उंचीला महत्त्व आहे. त्या रात्री साखरप्याच्या पुढे धुके उतरले तेव्हा मामांना डाव्या बाजूची पांढरी पट्टी दिसत होती आणि तेवढ्यावर आम्ही आंबा घाट चढून आलो. रोपांचे नुकसान झाले नाही.

आता आपल्या ट्रॅक्टरविषयी. रात्री भरणीसाठी मागचे दिवे लावून इंजिन बंद ठेवतात. दोन हॅलोजन दिवे चार तास चालले की ३६ अँपिअर-तास खर्च, म्हणजे ७५ च्या बॅटरीची निम्मी शक्ती गेली. पहाटे सेल्फ लागत नाही म्हणून मग चिटबॉयला शिव्या. तिथे १८ वॅटचा एलईडी पुरतो, तो दीड अँपिअरच घेतो. पण तोच एलईडी रस्त्यावर चालू ठेवला तर समोरचा मोटारसायकलवाला आंधळा होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणेही पुढच्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत.

आणि पुढे चार-चार फोकस लावणारे आपण मागच्या ट्रेलरला एक तांबडा दिवा लावत नाही. दोन हंगामांपूर्वी आमच्या गटातील एका सभासदाचा मुलगा रात्री उभ्या ट्रेलरवर जाऊन आदळला. ट्रेलरला दिवा नव्हता, रिफ्लेक्टर होता तो लोंबत्या वाढ्यांखाली झाकलेला. मुलगा वाचला, पाय गेला. त्या घरी आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याच्या आईने आम्हाला एवढेच विचारले, “साहेब, दिव्याला किती पैसे पडतात?”

ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांमधील सात पिनांचा प्लग बहुतेकांकडे आहे, पण पिना गंजलेल्या असतात. पॉलिशपेपरने घासाव्यात. दुसऱ्या ट्रेलरपर्यंत वायर न्यावी आणि वळताना ताणणार नाही इतकी सैल ठेवावी. मोळ्या भरल्यावर मागची वाढी कोयत्याने छाटून दिवे व रिफ्लेक्टर उघडे करावेत. बैलगाडी आणि अंगदवाल्यांनीही मागे रिफ्लेक्टरची तांबडी पट्टी चिकटवावी. तिला बॅटरी लागत नाही.

दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन हार घालाल, त्याआधी एकाने सीटवर बसावे, दुसऱ्याने ट्रेलरच्या मागे उभे राहावे आणि ब्रेक, इंडिकेटर, पार्किंग असे एकेक लावून बघावे. जीपमधून निघालेला जळक्या वायरीचा तुकडा आमच्या टेबलाच्या खणात आहे. गटकार्यालयात आलात तर मागून घ्या.