विश्लेषण : माशी किती चांगली उडेल, हे कशावरून ठरते?

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगराळ भागातले सीताफळ गोडीसाठी प्रसिद्ध आहे. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण फळ पक्व होऊ लागले की फळमाशी सालीला छिद्र पाडून आत अंडी घालते. अळ्या गर पोखरतात आणि फळ सडते. एका बागेतली माशी दुसऱ्या बागेत जाते ती उडून. तिची ही क्षमता आनुवंशिक असते का, याचा अभ्यास मात्र तिच्या दूरच्या नातलगावर झाला आहे.

हा नातलग कोणता?

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारे चिलट, म्हणजेच ड्रोसोफिला. त्यालाही फळमाशीच म्हणतात, पण बागेचे नुकसान करणारी बॅक्ट्रोसेरा ही माशी वेगळ्या कुळातली. दोघींना पंखांची एकच जोडी असते. दुसऱ्या जोडीच्या जागी उडताना तोल सांभाळणारे दोन बारीक अवयव असतात. ड्रोसोफिलाची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते, त्यामुळे प्रयोगशाळेत तिला पसंती मिळते.

उड्डाण मोजतात कसे?

अमेरिकी शास्त्रज्ञ सेमूर बेंझर यांनी सोपी युक्ती काढली. उंच नळीला आतून तेल लावायचे आणि वरून माश्या सोडायच्या. चांगली उडणारी माशी पडता पडता सावरते आणि वरच्या बाजूलाच भिंतीला चिकटते. कमकुवत माशी तळाशी जाते. कोण किती उंचीवर चिकटली, तेच तिचे गुण.

उडण्याचे एकच जनुक असते का?

नाही. याच पद्धतीची सुधारित नळी वापरून अमेरिकेतील संशोधकांनी ड्रोसोफिलाचे १९७ वाण तपासले. प्रत्येक वाणातील माश्या जनुकीयदृष्ट्या जवळपास सारख्या होत्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा दिसला. त्यांतली बरीच जनुके पंखांची नव्हे, तर मज्जासंस्थेच्या जडणघडणीशी संबंधित होती.

बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गैती हसन यांच्या गटालाही असेच काही आढळले होते. पेशीतील कॅल्शियमचे संदेश हाताळणाऱ्या एका जनुकात बिघाड असलेल्या माश्या उडू शकत नव्हत्या. ते जनुक मोजक्या चेतापेशींत पुन्हा कार्यरत केल्यावर त्या उडू लागल्या. म्हणजे पंख धडधाकट असूनही माशी जमिनीवरच राहू शकते.

शेतकऱ्याला याचा काय उपयोग?

सध्या बागांत मिथाइल युजेनॉलचे सापळे लावतात, पण त्यांत फक्त नर अडकतात. काही देशांत आणखी एक उपाय करतात. कारखान्यात वाढवलेले नर किरणोत्सर्गाने वंध्य करून बागेत सोडतात. त्यांच्याशी मीलन झालेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत. मात्र नराला मादीपर्यंत उडत जाता आले पाहिजे. पिंजऱ्यात पिढ्यानपिढ्या वाढलेले नर दुबळे होण्याचा धोका असतो. म्हणून सोडण्यापूर्वी त्यांची चाचणी होते. दहा सेंटिमीटर उंच काळ्या नळीला आतून शंखजिऱ्याची पूड लावतात, जेणेकरून माशी चढून बाहेर येऊ नये. उडून बाहेर पडतील त्याच पास. चांगले उडणारे वाण कोणते, हे जनुकांवरून आधीच ओळखता आले, तर अशा मोहिमा अधिक भरवशाच्या होतील.