फळाचा पिता कोण?

पांढऱ्या मक्याचें कणीस सोलतांना मधूनच दोनचार पिंवळे दाणे निघतात, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं शेतकऱ्यांच्या मुलांनीं पाहिलेंच असेल. वर्गांत एकानें याचें कारण विचारलें, म्हणून हा लेख. शेजारच्या शेतांतील पिंवळ्या मक्याचे पराग वाऱ्याबरोबर येऊन कणसाच्या केसांवर पडतात आणि पित्याचा रंग त्याच हंगामांत दाण्यांत उतरतो. या प्रकारास जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फोके यांनीं १८८१ सालीं 'झेनिया' हें नांव दिलें.

सफरचंदाची गोष्ट निराळी आहे. त्याचा गर हा सर्वस्वीं मातेच्या देहाचा भाग. पित्याचा वांटा केवळ बियांतील गर्भांत. मग परागामुळें गर कसा बदलावा? खजुराच्या बागेंत नर झाड बदललें कीं फळाचा आकार व पिकण्याचा काळ बदलतो, आणि तेथेंहि गर मातेचाच असतो. अमेरिकेंतील स्विंगल यांनीं १९२८ सालीं या परिणामास 'मेटाझेनिया' म्हटलें. गर्भ व बी यांत तयार होणारे वाढीचे रस सभोंवारच्या गरास वाढवितात, असा याचा उलगडा करितात.

सफरचंदास स्वतःच्या जातीचा पराग बहुधा चालत नाहीं. म्हणून काश्मीर व हिमाचल प्रदेशांत 'रेड डेलिशस'च्या बागेंत 'गोल्डन डेलिशस'चीं झाडें लावितात व मधमाशा पराग नेतात. फळ आडवें कापलें कीं पांच कप्प्यांची चांदणी दिसते. सर्व कप्पे भरले तर साधारणतः दहा बिया. एका बाजूचे रिकामे राहिले तर फळ तिकडे खुरटतें. मुलांनीं कापून मोजावें.

आतां जीवनसत्त्व 'क'. वजनाच्या मानानें तें कोंवळ्या फळांत सर्वांत अधिक असतें. फळ पाणी व साखर घेऊन फुगूं लागलें कीं त्याचें प्रमाण उतरत जातें. यास्तव ज्या परागानें फळ लवकर किंवा सावकाश वाढेल, त्यानें ठराविक दिवशीं मोजलेला 'क'चा आंकडाहि बदलूं शकेल. परंतु सालींत तें गरापेक्षां अधिक, आणि उन्हाकडील बाजूस सावलीपेक्षां अधिक! एकाच झाडावरचीं, एकाच दिवशीं तोडलेलीं, सारखें ऊन लागलेलीं फळें न घेतल्यास उन्हाचें श्रेय परागास जावयाचें.

पालकांस येथें एक सांगावेंसें वाटतें. मूल आजारी पडलें कीं आपण ऐपत नसतांहि सफरचंदें आणतों. शंभर ग्रॅम सफरचंदांत 'क' सुमारें ५ मिलिग्रॅम. तितक्याच पेरूंत २०० मिलिग्रॅमच्याहि वर. दारचा पेरू मात्र पोपट खातात.

आपल्या बांधावरच्या सीताफळासहि परागाचीच अडचण आहे. त्याच्या फुलांतील स्त्रीभाग आधीं तयार होतो, पराग मागाहून सुटतो. लहान किड्यांनीं तो दुसऱ्या फुलावरून आणला तरच फळ धरतें. म्हणून झाड फुलांनीं भरतें आणि फुलें गळतात. फळाचा प्रत्येक डोळा निराळा फळतो. जेथें पराग पोंचला नाहीं तेथें खळगा पडून फळ वांकडें होतें. सकाळीं पूर्ण उमललेल्या फुलांतला पराग मऊ कुंचल्यानें घेऊन अर्धवट उमललेल्या फुलांच्या मध्यभागीं हलकेच लावावा, आणि त्या फुलांस खुणेचा दोरा बांधावा. न लावलेलीं कांहीं फुलेंहि मोजून ठेवावीं, म्हणजे फळें धरल्यावर दोहोंतील अंतर डोळ्यांनीं दिसेल.