एवढ्याशा जिवालाही कळतं

लेकीला सातव्या महिन्यात बेळगावला आणायचं, कुबसा इथंच करायचा, असं सगळं ठरलं होतं. पण सातवा सरायच्या आतच इंदूरहून जावयांचा फोन आला. पुण्याहून रेल्वे धरून आम्ही पोहोचलो, तेव्हा नात अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत होती. वजन बाराशे ग्रॅम. नाकात नळी, हाताला सलाईन, पायाला तार.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी रक्त तपासायला तिच्या टाचेला सुई टोचली. आवाज काही आला नाही, फक्त इवलासा चेहरा आक्रसला. काचेपलीकडे उभ्या लेकीच्या डोळ्यांना धार लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "अगं, एवढ्याशा जिवाला काय कळतंय? मोठी झाली की आठवणारही नाही."

बोलून गेले आणि मलाच चमकल्यासारखं झालं. हे वाक्य माझं नव्हतं. १९८२ साली माझा थोरला दहा दिवसांचा असताना आजारी पडला. रुग्णालयात त्याची शीर सापडेना, म्हणून पुन्हा पुन्हा सुया टोचत होते आणि मी दाराबाहेर कानांवर हात ठेवून बसले होते. तेव्हा सासूबाई कन्नडमध्ये म्हणाल्या होत्या, "कूसिगेन् तिळीतैति?" आतून बाहेर आलेले डॉक्टरही मराठीत तेच म्हणाले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. त्या काळी समजच तसा होता.

शेजारी उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझं बोलणं ऐकलं असावं. त्या म्हणाल्या, "आजी, तिला कळतं. आणि जगाला हे पटवून देणारे डॉक्टर याच इंदुरात शिकले."

त्यांचं नाव डॉ. कंवलजीत सिंग आनंद. इथल्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजातून ते एम.बी.बी.एस. झाले आणि ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. अपुऱ्या दिवसांची बाळं शस्त्रक्रियेहून परतताना फार खालावलेली असतात, हे तिथं त्यांच्या लक्षात आलं. नवजात बाळाला वेदना जाणवत नाहीत आणि भुलीचं तीव्र औषध सोसत नाही, या समजुतीपोटी अनेकदा हालचाल थांबवणारं औषध आणि अगदी हलकी भूल एवढंच दिलं जाई. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही बाळांना फेंटॅनिल हे वेदनाशामकही देऊन तुलना केली. त्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरचे त्रासही कमी झाले. हा अभ्यास १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही नवजात बाळांना शस्त्रक्रियेत भूल द्यावी, असं जाहीर केलं.

डॉक्टरीणबाईंनी पुढं सांगितलेलं ऐकून तर माझ्या पोटात कालवलं. वेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा बाळाच्या पोटातल्या वाढीतच तयार होतात, पण वेदनेला आवर घालणारी मेंदूची यंत्रणा मागाहून पक्व होते. म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कमी नव्हे, उलट जास्तच झोंबत असणार. ते रडेलच असंही नाही, अशक्त बाळात रडण्याचं बळ कुठून येणार? म्हणून कपाळावरची आठी, घट्ट मिटलेले डोळे, नाकापासून ओठापर्यंत उमटणारी घडी, वाढलेले ठोके आणि उतरणारा ऑक्सिजन यांवरून वेदना ओळखतात.

आणि सुया तरी किती? पॅरिस परिसरातल्या ४३० बाळांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात एकेका बाळाला दिवसाला साधारण दहा वेदनादायक उपचार सोसावे लागत होते, आणि त्यांतले बहुतेक वेदनाशमनाचा खास उपाय न करता झालेले होते.

वेदनाशामक औषधांचाही अतिरेक नको. श्वासयंत्रावरच्या ८९८ बाळांवर आनंद यांनीच केलेल्या अभ्यासात (२००४) सरसकट मॉर्फिन दिल्यानं अपेक्षित फायदा दिसला नाही. मोठ्या उपचारांना औषध हवंच, पण ते गरज पाहून. टाचेच्या सुईसाठी मात्र साधे उपाय आहेत. सुईआधी आईच्या दुधाचे किंवा रुग्णालयातल्या साखरेच्या द्रावणाचे काही थेंब जिभेवर द्यायचे, हातपाय अलगद दुमडून धरायचे, आणि बाळ स्थिर असेल तर आईच्या उघड्या छातीशी ठेवायचं. हीच कांगारू पद्धत. ती कोलंबियात १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. गुजरातेत करमसदच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या अभ्यासातही (२०१३) आईच्या छातीशी असलेल्या बाळांना टाचेच्या सुईचा त्रास कमी झाल्याचं दिसलं.

आठवड्याभरानं नातीला लेकीच्या छातीशी दिलं. वरून माझं जुनं लुगडं पांघरलं. थोड्या वेळानं सिस्टर सुई घेऊन आल्या. नातीचा चेहरा आक्रसला, पण लगेच सैल झाला. पडद्यावरचे ठोकेही लवकर खाली आले. लेक तिच्या कानाशी पुटपुटत होती, "अळबेड, कूस, अळबेड." सासूबाईंकडून शिकलेलं कन्नड तिला बरोबर त्या वेळी आठवलं.

वाचकहो, आपल्या घरातलं बाळ अशा पेटीत असेल, तर दाराबाहेर बसून राहू नका. मध किंवा गुटी तर मुळीच चाटवू नका, पण विचारा जरूर. "सुई टोचण्याआधी आईला बोलवाल का? दुधाचे थेंब चालतील का? छातीशी घेता येईल का?" कधी 'आत्ता नाही' असं उत्तर येईल, त्यामागं कारणही असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

थोरला आता चाळिशी ओलांडलेला बाप्या आहे. परवा त्याला हे सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, "आई, मला कुठं काय आठवतंय?" त्याला नसेल आठवत. मला अजून ते दार आठवतं.